एका घरचं एक टोपलं

पुसदला आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक बाभूळ आहे. कार्तिक लागला की तिला कापूस येतो. म्हणजे जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या तिच्या खालून जातात, वरपर्यंत लादलेल्या कापसाचे पुंजके काट्यांना अडकतात, आणि आठवड्याभरात ती बाभूळ पांढरी दिसायला लागते. माझा हिवाळा तिथून सुरू होतो. स्वेटर, तुरीच्या ओल्या शेंगा, अंगणातलं ऊन हे सगळं नंतर. बाभळीला कापूस दिसला की माझ्या नाकात मुरमाचा वास येतो. भल्या सकाळी कोणीतरी बादलीनं पाणी मारलंय आणि ऊन वर यायला अजून अवकाश आहे, अशा वेळच्या ओल्या मुरमाचा. पूर्वी हा वास आला की मी नुसताच खुश व्हायचो. गेली दोन वर्षं तो आला की मी उठून खिडकी लावतो. वास बाहेरून येत नाही हे मला कळतं, तरी लावतो.

आमचं गाव फुलसावंगीच्या बाजूला. चहूकडे काळी माती. कपाशीला ती कितीही मानवो, खेळायला तिच्यासारखी नाठाळ माती नाही. पावसाळ्यात गुडघ्याएवढा चिखल, उन्हाळ्यात अशा भेगा की लहान पोराचा पाय आत जावा. खेळायला उरतात ते दिवाळी ते होळी एवढेच दिवस, आणि तेही मातीवर मुरमाचा थर असेल तरच. म्हणून आमच्याकडे टोपल्याचा रविवार असतो.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी प्रत्येक घरानं टेकडीवरच्या खदानीतून एक टोपलं मुरूम आणायचा आणि शाळेमागच्या मैदानावर टाकायचा. गावानं, बौद्धपुऱ्यानं, पलीकडच्या बंजारा तांड्यानं, सगळ्यांनी. हा नियम कोणी केला हे कोणाला ठाऊक नाही. तो कुठे लिहिलेला नव्हता, कदाचित त्यामुळेच टिकला. टोपलं स्वतःच्या डोक्यावरून आणायचं, आणि एका घरचं एकच. एका वर्षी एका बड्या घरानं ट्रॅक्टरभर मुरूम पाठवून दिला, तर म्हाताऱ्यांनी ट्रॅक्टर वेशीवरूनच वळवला. त्या घरचा कर्ता धोतर सावरत टोपलं घेऊन आला, तेव्हा कुठे लोक पुन्हा कामाला लागले. मग सगळा मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, आणि दगडी रोलर दोरानं ओढायचा. ज्या घरचं टोपलं पडलं त्या घरची पोरं होळीपर्यंत तिथं खेळणार. पोरं नसलेली घरंही टोपलं टाकत. संध्याकाळपर्यंत मैदान असं एकजीव व्हायचं की कोणाच्या टोपल्यातला मुरूम कुठे पडला हे टाकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. गावात इतर बाबतीत कोणाचं काय आणि कुठे हे सगळ्यांना नीट सांगता यायचं, म्हणून हे मला आज मुद्दाम आठवतं.

मी मात्र कधी टोपलं उचललं नाही. आमच्या घरचं आई टाकायची. मी खेळायचोही नाही. खो-खोत मला कोणी खो द्यायला धजत नसे, कारण मिळालेला खो मी बराच वेळ विचारात घालवायचो. मग मास्तरांनी माझ्या हातात वही दिली आणि गुण लिहायला बसवलं. अक्षर सुंदर होतं. मैदानाच्या कडेला, चिंचेखाली, वही मांडीवर घेऊन बसलेला पोरगा तो मी. खेळ संपला की दोन्ही बाजूचे धापा टाकत माझ्याकडे येत आणि विचारत, किती झाले? त्या क्षणी मी सगळ्यांचा बाप असे. कागदावर लिहिलं की ते खरं होतं, हा समज मला तिथं जडला आणि पुढे त्यावर माझं पोट चाललं. तालुक्याच्या एका कार्यालयात मी बाबू झालो आणि पुसदला बिऱ्हाड केलं. अर्ज, ठराव, टिपणी यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो.

पण हिवाळा म्हटलं की मला आठवतो तो एकच. नोकरी नवीन होती आणि मी दिवाळीनंतर चार दिवस रजा टाकून गावी आलो होतो. माझा वर्गमित्र भीमराव याचं त्या वर्षीच लग्न झालं होतं. बायको मारेगावकडची, नाव कौसल्या. शाळेत असताना ती खो-खो खेळायची, असं भीमराव थोडं अभिमानानं आणि थोडं घाबरून सांगायचा. टोपल्याच्या रविवारी सगळी मंडळी आली, त्यात ही नवी सून पदर खोचून, डोक्यावर टोपलं घेऊन आली. मुरूम ओतला, टोपलं उपडं करून झटकलं आणि तिथंच उभी राहिली.

"आता माह्या घरचं टोपलं पडलं ना?" तिनं विचारलं.

"पडलं," कोणीतरी म्हणालं.

"मंग या घरच्या पोरी बी खेळतीन."

लोक हसले. अजून या घरी पोर ना बाळ, पोरी कुठल्या? ती म्हणाली, "माह्या नाईत, तर मोहल्ल्यातल्या हाय. उद्यापासून संध्याकाळी पाचले येतो आमी."

नियमात पोरं असं म्हटलं होतं, आणि पोरांत पोरी येत नाहीत हे सिद्ध करायला कोणाकडे कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी पाचला ती सहा मुली घेऊन आली. चौघी बौद्धपुऱ्यातल्या, दोघी तांड्यावरच्या. भीमरावानं पहार घेऊन खांबांचे खड्डे खणले. मी रजा आणखी दोन दिवस वाढवली आणि चिंचेखाली गुण लिहायला बसलो. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, उकिडव्या बसलेल्या मुली, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. कौसल्यावहिनी खांबाशी उभी राहून ओरडायची, "वाकू नको, पय! खांबाकडं पाय, माह्याकडं कायले पायते!" एका मुलीनं सूर मारला आणि ती मुरमावर हातभर घसरत गेली. मला वाटलं, गेले आता हिचे कोपरे. ती उठली, फ्रॉक झटकला आणि हसली. मुरूम आवळून बसला तरी वरच्या बोटभर थरात मऊपणा धरून ठेवतो. पडणाऱ्याला तो सावरून घेतो. हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्यानंतर किती हिवाळे गेले. वहिनीनं शिकवलेल्या मुली खेळून, लग्न होऊन आपापल्या गावी गेल्या, दुसऱ्या आल्या. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती मैदानावर पाणी मारायची. विहिरीवरून आणायचं, तेही डोक्यावर. दिवसभर कापूस वेचून आली की पाचला पुन्हा मैदानावर. बोटांना बोंडांची टोकं टोचून चिरा पडलेल्या असायच्या, त्याच हातांनी ती मुलींच्या पाठीवर खो कसा द्यायचा ते दाखवायची. मी वर्षातून एकदा जायचो, चिंचेखाली बसायचो आणि परत यायचो. आई गेली त्या वर्षापासून आमच्या घरचं टोपलं पडलं नाही. मला कोणी विचारलं नाही. साहेब माणूस, त्याला काय विचारायचं? मलाही ते बरं वाटायचं, हे सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी वहिनी पुसदला माझ्या घरी आली. बाजाराला आली होती, पिशवीत माझ्यासाठी तुरीच्या शेंगा. शेंगा सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात देत म्हणाली, "भाऊ, एक अर्ज लिवून द्या ना. मैदानाले एक नळ पायजे अन् एक लोखंडी रोलर. बस. दगडाचा रोलर फुटला, अन् पानी आनून आनून आता मान दुखते."

एक नळ आणि एक रोलर. हे शब्द मी अजून रोज ऐकतो.

मी हसलो. मोठेपणानं हसलो. म्हणालो, "वहिनी, नळासाठी कोणी फाईल हलवत नाही. मागायचंच तर मोठं मागावं." मला ठाऊक होतं की मुरमासाठी कुठे तरतूद नसते, रोलर कोणत्याच योजनेत बसत नाही, पण सुशोभीकरण हा शब्द घातला की कागदाला पाय फुटतात. मी बैठक मारली आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा अर्ज लिहिला. "सदर मैदान ओबडधोबड, धुळीचे व गैरसोयीचे असून" अशी सुरुवात होती. ज्या मैदानाच्या वासानं माझा हिवाळा सुरू होतो, त्याला मी धुळीचं म्हणालो. पुढे मागण्या: संपूर्ण मैदानास सिमेंटचे गट्टू बसवणे, आवारभिंत, लोखंडी फाटक, खुली व्यायामशाळा. नळ पाचव्या क्रमांकावर टाकला. रोलर गाळला, कारण गट्टूवर रोलरचं काय काम? तेव्हा मला या वाक्यात काही खटकलं नाही, उलट आपण किती पुढचा विचार करतो असं वाटलं. खाली गावकऱ्यांच्या सह्या. पहिली सही कौसल्यावहिनीची. तिनं कागद बराच वेळ हातात धरला, मग सही केली. मी आतून पेन आणायला, चहा सांगायला असा इकडेतिकडे करत होतो. अर्ज माझा होता, पण त्यावर माझं नाव कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याचं नसतंच.

अर्ज मंजूर झाला. माझे अर्ज होतात.

ठेकेदाराच्या यंत्रानं दोन दिवसांत मैदान खरवडलं. इतक्या वर्षांचा, इतक्या घरांचा मुरूम ट्रॉल्यांत भरून कुठल्याशा रस्त्याच्या भरावात गेला. त्यात माझ्या आईची सगळी टोपली होती. मला हे सुचलं ते फार उशिरा, एकदा दाढी करताना, आणि मी तसाच साबण लावलेला बसून राहिलो.

उद्घाटनाला मी पुढच्या रांगेत खुर्चीवर होतो. लाल-पिवळे गट्टू उन्हात चकाकत होते. व्यायामाच्या यंत्रांवर माणसं हसत हसत लोंबकळत होती. भाषणं झाली, नारळ फुटला, बुंदी वाटली. वहिनी मागे, नव्या फाटकाला धरून उभी होती. गर्दी पांगल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, आता खांब कुठी गाडाचे?"

मी म्हणालो, "त्याचे स्टँड मिळतात आता, वहिनी. पाहू."

पाहू या शब्दावर आमचं अख्खं कार्यालय चालतं. तिनं मान डोलावली आणि गट्टूवर चप्पल घासून पाहिली, जशी बाजारात बाई भांडं वाजवून पाहते.

पहिल्या पावसाळ्यानंतर खालची काळी माती फुगली. ती फुगतेच, ती कोणाची मंजुरी बघत नाही. गट्टू कुठे वर आले, कुठे खचले, कडा उघड्या पडल्या. दिवाळी झाली, पण टोपल्याचा रविवार झाला नाही, कारण टोपलं टाकायचं कुठे? तरी वहिनीनं मुली जमवल्या. डबडी ठेवून खांब मानले. त्यात तांड्यावरची पायल होती, उत्तम राठोडची मुलगी. तिच्याएवढी चपळ मुलगी आपल्या हाताखालून गेली नाही असं वहिनी सांगायची. हूल देऊन अशी वळायची की पाठलाग करणारी भलतीकडेच धावत जायची. जिल्ह्याच्या संघात तिला घेणार अशी बोलणी चालली होती. निवड चाचणीच्या आठ दिवस आधी पायलनं सवयीनं सूर मारला. खाली मुरूम नव्हता. वर आलेल्या गट्टूच्या कडेवर तिची हनुवटी आणि गुडघा फुटला. पुसदला आणून टाके घातले. गुडघा महिना-दीड महिना वाकत नव्हता, आणि निवड तिच्यासाठी थांबणार नव्हती. त्या दिवशी दवाखान्यात मीही गेलो होतो, केळी घेऊन. ती पोर पट्टी बांधलेल्या तोंडानं म्हणाली, "काका, मी पडली नाई. मी बराबर सूर मारला होता." केळी मी तिच्या आईजवळ दिली आणि घाईनं निघालो.

पण माझ्या मनात जे रुतून बसलं आहे, ते त्यानंतरचं. मागच्या हिवाळ्यात गावी गेलो, तर फाट्यावरच्या हॉटेलात उत्तम राठोड भेटला. दोघांनी चहा घेतला. मी पायलची चौकशी केली.

"बंद केलं तिचं खेळनं," तो म्हणाला. "वेचनीले जाते आता मायसंगं. त्या कौसल्याबाईनं डुबवलं पाह्य सारं. चांगलं मैदान होतं, साहेब, माह्या आज्याच्या टोपल्याचं. तिले काहून गट्टू सुचले काय मालूम. अर्जावर पैली सही तिचीच हाय, ग्रामपंचायतीत पाह्यली मी. आमच्या तांड्यावरची एक बी पोरगी आता तिच्याकडं जात नाई."

बाकावर अजून दोघे बसले होते. एक म्हणाला, "बाईले लय हौस."

मी चहा पीत होतो. काच गरम होती. मला एवढंच म्हणायचं होतं की गट्टू तिला नाही, मला सुचले. पाच-सहा शब्द. मी अर्जात पाच-सहा शब्द सहज वाढवतो. मी म्हणालो, "साखर जास्त आहे जरा," आणि उठलो. परत येताना मैदानावरून आलो. व्यायामाच्या यंत्राला बकरी बांधलेली होती आणि गट्टूवर कोणाचं तरी सोयाबीन वाळत होतं. फाटकाजवळ नळ होता, कोरडा. खरंच बसवला होता, पाचव्या क्रमांकाची मागणी होती ना.

असा मी एक संपूर्ण वर्ष गप्प बसलो. लोकांना दोष देत होतो: ठेकेदाराला अक्कल नाही, पंचायत लक्ष देत नाही, हल्ली पोरांना मोबाईल पुरतो. हे शेवटचं तर मी फार गंभीर चेहऱ्यानं म्हणायचो. खेळणाऱ्या पोरांच्या पायाखालून जमीन मीच काढून घेतली आणि वर मीच म्हणत होतो की पोरं खेळत नाहीत. सुनंदा एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "शेंगा आल्या नाहीत यंदा कौसल्याबाईकडून." मी म्हणालो, पीक कमी असेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. अर्ज लिहिला त्या दिवशी ती स्वयंपाकघरातच होती, तिला सगळं माहीत होतं.

यंदा बाभूळ पांढरी झाली आणि त्याच आठवड्यात गावच्या ग्रुपवर दोन ओळी आल्या. रविवारी सकाळी टोपलं. जागा तळ्याच्या पाळीखालची पडीत. पाठवणारीचं नाव पायल राठोड. मी त्या ओळी इतक्या वेळा वाचल्या की सुनंदानं विचारलं, "जाणार?"

"जावं म्हणतो."

"जाल तर सांगून या," ती म्हणाली. काय ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि, आता हसू नका, एक अर्ज लिहिला. गट्टू उखडून मैदान पूर्ववत करण्याबाबत. खाली अर्जदार म्हणून पहिल्यांदा माझं स्वतःचं नाव. लिहून झाल्यावर बरं वाटलं. घडी करून खिशात ठेवला आणि रविवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. वाटेत धुकं होतं. तुरीला पिवळा फुलोरा होता, आणि कपाशीच्या शेतात बाया कमरेला ओटी बांधून उतरत होत्या.

तळ्याच्या पाळीखाली चाळीस-पन्नास माणसं होती. पूर्वीइतकी नाहीत. गावची थोडी, बौद्धपुऱ्यातली बरीच, आणि तांड्यावरून फक्त उत्तम आणि पायल. नंतर कळलं की पायलच बापाच्या मागे लागली होती. यंदा बारावी, पुढच्या वर्षी ती कुठे असेल कोणास ठाऊक, तिला एक हिवाळा खेळायचं होतं. उत्तम टोपलं घेऊन आला होता, पण वहिनीकडे पाठ करून उभा होता. वहिनी वाकून आखणीची दोरी धरत होती. केस बरेच पांढरे झाले होते.

मी जवळ गेलो. "वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा ना, भाऊ."

"तो अर्ज. गट्टू तुम्ही मागितले नव्हते. मी घातले. तुम्ही न वाचता माझ्या भरवशावर सही केली, आणि लोक दोन वर्षं तुम्हाला बोलतात, ते मी ऐकलं. माझ्यासमोर बोलले. मी गप्प बसलो."

तिनं दोरी खाली ठेवली. "वाचला होता मी," ती म्हणाली.

मला कळेना.

"सही कराच्या आगुदर पूरा वाचला. गट्टू वाचलं, तवाच मनात आलं का पोरी पडतीन. खांब कुठी गाडाचे, हे बी आलं. पन मी म्हनलं, भाऊ हाफिसात बसते, इतके कागद लिवते, त्याले आपल्यापरीस जास्त समजत असन. म्हनून नाई बोलली. इतकी वर्स त्या मुरमावर पानी मारलं मी, अन् तुमच्या अक्षराले भेली." मग म्हणाली, "माही बी चुकीच झाली."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी उभा राहू शकलो असतो. तिनं माझ्या चुकीतला वाटा उचलला, ते मला सोसवलं नाही. तिला जे पक्कं ठाऊक होतं ते माझ्या देखण्या अक्षरासमोर तिनं गिळलं. मुरूम ट्रॉलीत गेला त्याहून हे मोठं नुकसान होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या घरात, चहा उकळत असताना झालं होतं.

मी लोकांकडे वळलो. भाषण नाही जमलं. "ऐका जरा," म्हणालो, "मैदानाचा अर्ज कौसल्याबाईनं नाही, मी लिहिला. तिनं नळ आणि रोलर मागितला होता. गट्टू माझे. मागच्या वर्षी उत्तमनं माझ्यासमोर तिचं नाव घेतलं, तेव्हा मी बोललो नाही."

 तळ्यावर एक टिटवी ओरडत होती. उत्तम पुढे आला. "मंग सालभर तोंडात काय धरून बसलते, साहेब?" तो म्हणाला. "मी हिले काय काय बोललो. माह्या पोरीले हिच्या दारात जाऊ देल्लं नाई." तो वहिनीकडे वळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग नुसतीच तिच्या हातातली दोरी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन धरली. दोघांनी मिळून ती ताणली.

माझा हात खिशाकडे गेला. "वहिनी, हा नवा अर्ज आणलाय. जुनं मैदान मोकळं करून मागू. खाली माझं नाव आहे."

तिनं कागदाकडे पाहिलंही नाही. "ते पाहू मंग," ती म्हणाली. पाहू हा शब्द मला पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं ऐकू आला. "टोपलं कुठाय तुमचं?"

टोपलं मी आणलं नव्हतं. सगळ्या गावात रिकाम्या हातानं आलेला मी एकटाच होतो. कागद घेऊन.

भीमरावानं त्यांच्या घरचं रिकामं टोपलं माझ्याकडे सरकवलं. मी टेकडी चढलो. बूट घसरत होते, ते मध्येच काढून ठेवले. खदानीत कुदळ होती, पण मला ती नीट चालवता येईना, मग हातांनीच भरलं. टोपलं डोक्यावर घेतलं तेव्हा मान कशी दुखते ते समजलं. आई इतकी वर्षं हे आणत होती आणि मी चिंचेखाली वही घेऊन बसलेलो असायचो. उतरताना बारीक मुरूम कपाळावरून डोळ्यांत येत होता. पायल रेघेच्या आत उभी होती. "काका, इथी टाका, इथी खोलगट हाय," ती म्हणाली. तिच्या हनुवटीवर टाक्यांचा वण होता. मी ओतलं. इतरांच्या ढिगांशेजारी तो ढीग फारच लहान वाटला. ती लगेच खाली बसली आणि दोन्ही हातांनी मुरूम पसरायला लागली, आणि पाहता पाहता माझा ढीग दिसेनासा झाला.

एवढ्यानं माझं काय होणार होतं? आई गेल्यावर आमच्या घरची राहून गेलेली टोपली होती, पायलचा गुडघा होता, वहिनीची दोन वर्षं होती. मी टोपलं उचललं आणि पुन्हा टेकडीकडे निघालो. दहा नाही तर वीस खेपा घालायच्या, संध्याकाळपर्यंत घालायच्या, असं मी मनाशी ठरवलं होतं.

"भाऊ," मागून वहिनीनं हाक मारली. "कुठी चालले?"

"आणखी आणतो. हे थोडं झालं."

तिनं माझ्या हातातलं टोपलं काढून घेतलं, उपडं केलं आणि झटकलं, तशीच, जशी त्या हिवाळ्यात झटकलं होतं.

"नाई," ती म्हणाली. "एका घरचं एकच."